पंधरा सेकंदांची भेट

आमच्या ताईचे सासर शहागंजातले. छत्रपती संभाजीनगर पाहायला येणारी पाहुणेमंडळी वेरूळ, देवगिरी आणि बीबीचा मकबरा एवढे उरकून परतीची गाडी धरतात. शहागंजात पाऊल टाकायचे ते गावातल्याच माणसाने, आणि तेही हातात पिशवी घेऊन. फळांच्या गाड्या, कपड्यांचे ढीग, भांडीकुंडी, घासाघीस, आणि या साऱ्या गलक्यावर मान काढून उभा असलेला निजामी अमदानीतला घड्याळाचा मनोरा. मधली बरीच वर्षे हे घड्याळ बंदच असे. आमचे दाजी म्हणत, "शहागंजात वेळ विचारायची नाही, भाव विचारायचा!" पुढे मनोऱ्याची डागडुजी झाली. दाजींचा विनोद मात्र अजून चालू आहे.

२०२५ च्या गणपतीत, ३० ऑगस्टच्या शनिवारी, मी ताईकडे गेलो. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या यायच्या होत्या. पुण्यामुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या, आणि त्यांचा थाट असा की गणपतीबाप्पाने क्षणभर बाजूला सरकून बसावे. घर कसे गजबजलेले असेल, फराळाचा वास जिन्यापर्यंत येत असेल, अशा कल्पनेत मी चार वाजता दारात उभा राहिलो, तो आत रण माजलेले!

"बरं झालं आलास," ताईने माझी पिशवी घेण्याआधीच फिर्याद दाखल केली. "आता तूच सांग याला. उद्या महालक्ष्म्या यायच्या आणि हा म्हणतो, घरातल्या दिव्यांच्या माळा काढा!"

"काढा नाही म्हटलं, बंद ठेवा म्हटलं," भाचा कोपऱ्यातून म्हणाला. "उद्या संध्याकाळी साडेपाचपर्यंतच."

"आणि दुकानातल्याही!" दाजींनी भर घातली. इथे सांगायला हवे की दाजींचे खाली विजेच्या सामानाचे दुकान आहे आणि गणपती ते दिवाळी या दोन महिन्यांत त्यांचा सारा धंदा दिव्यांच्या माळांचा. "मी माळा विकायच्या आणि माझ्याच दुकानात अंधार! गिऱ्हाईक काय म्हणेल?"

मी भाच्याकडे पाहिले. मुलगा गुणी. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, व्यसन सुपारीचेही नाही. पण त्याला एक नाद आहे, आणि तो त्याने आजोबांकडून उचललेला आहे. आजोबा आणि नातू दोघेही 'हॅम' आहेत.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. आकाशवाणी आपल्याला ऐकवते, आपण ऐकतो. हॅम स्वतः बोलतो आणि दुसऱ्या हॅमचे ऐकतो. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते, परवाना काढावा लागतो. बारा वर्षांच्या पुढचे कोणीही ही परीक्षा देऊ शकते. परवान्याबरोबर हाकेचे एक नाव मिळते. भारतातल्या बहुतेकांच्या नावाची सुरुवात 'व्हीयू' या अक्षरांनी होते. व्यापाराचे निरोप सांगायचे नाहीत, गाणी लावायची नाहीत, पैसा कमवायचा नाही. मग करायचे काय? तर जगातल्या कुठल्या तरी अनोळखी माणसाला हाक मारायची, त्याने ओ दिली की आनंदायचे आणि वहीत त्याची नोंद करायची. ऐकणाऱ्याला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. मलाही वाटत असे.

आबा, म्हणजे दाजींचे वडील, तार खात्यात होते. ऐंशी पार केलेले, पण बोटे अजून टेबलावर कडकट्ट वाजवीत असतात. या गावचे रेडिओशी नाते जुने आहे, हे ते अभिमानाने सांगतात. निजामाच्या राज्यात हैदराबादप्रमाणे इथेही एक नभोवाणी केंद्र होते आणि १ एप्रिल १९५० रोजी ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीकडे आली. आबा तेव्हा शाळकरी पोर. पुढे तारेच्या कडकट्टात त्यांची नोकरी गेली आणि संध्याकाळचा वेळ गच्चीवरच्या खोलीत, बिनतारी कडकट्टात. १५ जुलै २०१३ पासून सरकारी तार बंद झाली तेव्हा आबा दोन दिवस जेवले नव्हते, असे ताई सांगते.

मग कान गेले. तारमास्तराचे कान जाणे म्हणजे गवयाचा गळा जाणे. खोलीला कुलूप लागले. ते कुलूप नातवाने उघडले, आणि कसे उघडले ती हकिकत ऐकण्यासारखी आहे.

जोसेफ टेलर नावाचे अमेरिकेतले एक खगोलशास्त्रज्ञ आहेत. १९७४ मध्ये त्यांनी आणि रसेल हल्स यांनी एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीतला एक स्पंदक शोधून काढला. स्पंदक म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओलहरींचे ठोके देणारा तारा. या शोधाबद्दल दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत, त्यांच्याही कामांतले एक काम असेच अतिक्षीण ठोके टिपण्याचे. टेलरसाहेब स्वतः पोरवयापासून हॅम. गोंगाटात बुडालेला तारा ज्या युक्त्यांनी सापडतो, त्याच जातीच्या युक्त्यांनी गोंगाटात बुडालेला माणूस का सापडू नये, असा विचार त्यांनी केला. स्टीव्ह फ्रँके या सहकाऱ्याबरोबर त्यांनी २०१७ मध्ये 'एफटी-८' नावाची संदेशपद्धत आणली. ही पद्धत चालवणारा प्रोग्राम संगणकासाठी फुकट मिळतो.

यात माणूस बोलत नाही, बोटांनी कडकट्टही करीत नाही. संगणक आठ सुरांत एक छोटा निरोप गुंफतो आणि रेडिओ तो हवेत सोडतो. सूर एकमेकांच्या इतके जवळचे की कानाला एकच सूर किंचित डुलतोय असे वाटावे. पंधरा सेकंद एकाने बोलायचे, पुढचे पंधरा सेकंद दुसऱ्याने. एका माणसाला तोंडाने बोलायला जेवढी जागा लागते तेवढ्यात पन्नासएक जण एकमेकांना न अडवता निरोप देतात. आवाज गोंगाटाच्या शंभराव्या हिश्शाएवढा असला तरी संगणक तो वेचून पडद्यावर अक्षरांत उमटवतो. घरातला एक दिवा जळायला जेवढी वीज लागते तेवढ्या ताकदीवर निरोप युरोपात पोहोचतो. अट एकच, घड्याळ बिनचूक हवे. पाळी सेकंदाच्या हिशेबाने येते. तुमचे घड्याळ दोन-तीन सेकंद चुकले की तुम्ही कितीही ओरडा, कोणाला कळत नाही. शहागंजच्या मनोऱ्याच्या सावलीत सेकंदाचा एवढा हिशेब ठेवणारे बहुधा हे एकच घर!

आबांना आता ऐकण्याची गरज उरली नाही. चष्मा लावला की पुरते. रोज संध्याकाळी ते एक हाक मारतात, एखादा ओ देतो, निरोपांची देवघेव होते, आबा वहीत नाव लिहून खाली जेवायला येतात. रोज एक, फार तर दोन. जपाची माळ ओढावी तसा हा नेम आहे.

नातवाची तऱ्हा वेगळी. त्याला स्पर्धा हवी. या हौशी जगात शनिवार-रविवारी स्पर्धा असतात, आणि २०१९ पासून ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी अशा संगणकी निरोपांची एक जागतिक स्पर्धा भरते. ग्रिनिचच्या दुपारी बाराला सुरू, दुसऱ्या दिवशी बाराला बंद. आपल्याकडे शनिवारी संध्याकाळचे साडेपाच ते रविवारी संध्याकाळचे साडेपाच. जितक्या जास्त लोकांना गाठाल तितके चांगले. प्रत्येक भेटीला एक गुण आणि दर तीन हजार किलोमीटरला आणखी एक. बक्षीस म्हणाल तर एखादे प्रशस्तिपत्र किंवा ढाल.

आता दिव्यांच्या माळांचा संबंध. हल्लीच्या स्वस्त माळांना भिंतीतली वीज जशीच्या तशी चालत नाही. ती कापून, बारीक करून देणारी एक डबी माळेच्या टोकाशी असते. ही डबी वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते आणि जोडते. डबी चांगली असली तर ते आतल्या आत राहते. स्वस्त असली तर त्याचा गोंगाट तारेतून बाहेर पडून रेडिओत शिरतो. एक माळ असेल तर चालून जाते; पण खाली दाजींच्या दुकानात अशा साठ माळा एकाच वेळी लुकलुकत होत्या. भाच्याने मला वर नेऊन पडदाच दाखवला. जिथे एरवी निरोपांच्या बारीक उभ्या रेघा दिसतात तिथे पिवळा चिखल झाला होता.

"मामा, यातून जर्मनीतला माणूस कसा काढू?"

तंटा दोन्हीकडून खरा होता. मी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि पंचाला शोभेल असे काहीच बोललो नाही. सोडवणूक आबांनी केली. बोलता बोलता ते उठले, माळ्यावरची एक पत्र्याची पेटी काढवली आणि तिच्यातून कागदात गुंडाळलेली माळ बाहेर काढली. जुन्या काचेच्या बल्बांची, लाल, हिरवा, पिवळा असे रंग दिलेली, दाजींच्या लहानपणची. तिला डबी नाही, काही नाही; तापलेली तार आणि उजेड. तिचा रेडिओला काडीचा उपद्रव नाही. गणपतीपुढे ती लागली. दुकानासाठी तोड निघाली ती अशी की नऊ वाजेपर्यंत नमुन्याला चार माळा पेटत्या ठेवायच्या, बाकीच्या गिऱ्हाइकाने मागितल्या तर लावून दाखवायच्या. दाजी पुटपुटले, पण मानले. ताई म्हणाली, "माळा बंद ठेवता, पण उद्या पाच वाजता मखराच्या खांबांना हात लावायला हा खाली हवा." तेही ठरले.

साडेपाचला स्पर्धा सुरू झाली. मी आणि आबा मागच्या बाकावर. रेडिओ एकच असल्यामुळे आबांचा नेम त्या दिवशी बुडाला होता आणि त्यांचा चेहरा उपासाच्या दिवशी साबुदाणा संपल्यासारखा झाला होता.

"हे बघ," ते मला म्हणाले, "मी रोज करतो ते ऐक. मी हाक मारतो आणि माझा चौकोन सांगतो."

चौकोन म्हणजे काय, तर या मंडळींनी साऱ्या पृथ्वीचे बत्तीस हजार चारशे चौकोन पाडले आहेत. प्रत्येकाला दोन अक्षरे आणि दोन अंक. आपला चौकोन 'एम-के-७-९'. जालना, पैठण, शिर्डी, अहिल्यानगर हे सारे याच चौकोनात. हॅमच्या लेखी आपण सगळे एकाच वाड्यातले भाडेकरू!

"मग तिकडचा आपला चौकोन सांगतो," आबा पुढे म्हणाले. "मी त्याला सांगतो, तुझा आवाज इतका इतका येतोय. तो म्हणतो, मिळालं, तुझा इतका येतोय. मी म्हणतो, पोहोचलं, ७३. तोही म्हणतो ७३."

त्र्याहत्तर म्हणजे तारमास्तरांच्या जुन्या सांकेतिक भाषेत 'लोभ असावा'. तार गेली, तारमास्तर गेले, त्र्याहत्तर मात्र हवेत अजून जिवंत आहे.

"सहा निरोप, दीड मिनिट. यात गाव कळतं, आवाज कळतो, निरोप घेता येतो. आणि हा काय करतो? आवाजाची विचारपूस नाही, शेवटचं त्र्याहत्तरही धड नाही. चौकोन दे, चौकोन घे, चल पुढे! चार निरोपांत माणूस आटोपला. आणखी घाई असली तर साडेसात सेकंदांची पाळी आहे म्हणे, एफटी-४. अर्ध्या मिनिटात काम तमाम. ही काय भेट झाली?"

नातवाने पडद्यावरून नजर न काढता उत्तर दिले. "आबा, ही तालीम आहे. आखाड्यात पैलवान जोर काढतो तेव्हा कोणाशी भांडत असतो का? गर्दीत नेमका माणूस ओळखायचा, नेमकं तेवढंच बोलायचं, चूक न करता लिहायचं, झोप आली तरी. याचा उपयोग कधी होतो ते तुम्हीच मला सांगितलंय."

आबा गप्प बसले. कारण ती गोष्ट त्यांनीच सांगितली होती. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद या हॅम बाई काही सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून वर्षानुवर्षे कोणी हॅम बोललेला नव्हता, त्यामुळे जगभरचे हौशी लोक एकाच वेळी त्यांना हाका मारीत होते आणि त्या दिवसरात्र एकेकाला ओ देत होत्या. हा सारा हौसेचा मामला. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हादरली, समुद्र आत घुसला, टेलिफोन गेले. त्याच यंत्रावर, त्याच हातांनी, हौसेच्या जागी जिवाभावाचे निरोप सुरू झाले. अमका सुखरूप आहे, तमक्याचा पत्ता नाही. पुढे काही हॅम यंत्रे घेऊन कार निकोबारलाही गेले. आदल्या दिवसापर्यंत शेकडो आवाजांतून एक नाव वेचण्याचा जो सराव झाला होता तो दुसऱ्या दिवशी उपयोगी पडला.

भाच्याला हे वेड लागले तेही नुसते खेळ म्हणून नव्हे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी 'स्वयं' नावाचा, एक किलोदेखील न भरणारा उपग्रह तयार केला. २२ जून २०१६ रोजी इस्रोने तो श्रीहरिकोट्याहून आकाशात सोडला. एका हॅमचा निरोप वर घ्यायचा आणि दूरच्या दुसऱ्या हॅमकडे पोहोचवायचा, हे त्याचे योजलेले काम. आपल्यासारख्याच पोरांनी केलेला टपालवाला आकाशात फिरतो, हे शाळेत असताना वाचल्यापासून हा पोरगा वर बघत चालतो. आई त्याला म्हणते, "खाली बघ, शहागंजात खड्डे आहेत."

थोडक्यात, दोघांचेही म्हणणे खरे वाटावे असेच होते. मी जेवून झोपलो.

पहाटे चारच्या सुमारास पाणी प्यायला उठलो. शहागंज त्या वेळी कसे दिसते ते पाहायचे असेल तर पहाटेच उठावे. गाड्या झाकलेल्या, रस्ता धुतल्यासारखा मोकळा, मनोरा एकटा. गच्चीवरच्या खोलीत उजेड होता. वर गेलो. भाचा लाल डोळ्यांनी पडद्यापुढे, आणि मागे आबा शाल गुंडाळून बसलेले. म्हातारपणी झोप नसतेच.

"काय रे, कितपत?"

"चाललंय मामा. पण हा एक अडकलाय." त्याने पडद्यावरच्या सर्वांत खालच्या ओळीवर बोट ठेवले. "जर्मनीतला आहे. फार क्षीण. मी सगळ्यांना स्पर्धेची हाक मारत होतो, यानं ओ दिली, चौकोन दिला. मी 'मिळालं' म्हणून माझा चौकोन पाठवतोय. पण हा स्पर्धेतला नाही, साधा आहे. त्याचा संगणक आवाजाच्या आकड्याची वाट बघतोय, आबांच्या पद्धतीनं. माझं उत्तर त्याला उत्तर वाटत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा चौकोनच सांगतोय."

"मग?"

"सोडून देतो. चार मिनिटं गेली. त्याचे तीन गुण. आणि जर्मनीतले भरपूर झालेत. तेवढ्यात चार दुसरे झाले असते."

आबांना हे ऐकू गेले असेल असे मला वाटले नाही. पण त्यांनी पडदा वाचला होता.

"हाक तू मारलीस की त्यानं?"

"मी."

"मग पाहुणा तुझा. दारात बोलावून दार लावायचं नसतं."

भाच्याने एकदा पडद्यावरच्या गर्दीकडे पाहिले, एकदा घड्याळाकडे. स्पर्धेत मिनिटाला किंमत असते हे मलाही एव्हाना कळले होते. मग त्याने संगणकावरची स्पर्धेची खूण काढली आणि जर्मनीतल्या त्या माणसाला साध्या रीतीने सांगितले, तुझा आवाज इतका इतका येतोय.

उत्तर नाही. पंधरा सेकंद थांबून पुन्हा तेच. नाही. आकाशातल्या ज्या थरावर आपटून या लहरी परत येतात तो थर रात्रभर वरखाली होत असतो. आवाज येतो, बुडतो, पुन्हा येतो. तिसऱ्यांदा नाही. चौथ्यांदा नाही. मध्यंतरी दुसरे तिघे-चौघे भाच्याला हाका मारून गेले. पाचव्यांदा तळाच्या ओळीत अक्षरे उमटली. मिळाले, आणि तुझा आवाज इतका इतका. भाच्याने लगेच 'पोहोचलं, ७३' पाठवले. पद्धतीप्रमाणे पलीकडून ७३ यायचे आणि मामला संपायचा.

पण आले ते निराळेच. या पद्धतीत ठरीव निरोपांखेरीज आपल्या मनचे काही लिहायचे तर तेरा अक्षरांपर्यंत मुभा असते. त्या गृहस्थाने दहा वापरली होती. रोमन लिपीत, तुटक: 'टीएनएक्स १एसटी व्हीयू'. म्हणजे, आभारी आहे, माझा पहिला भारतीय.

खोलीत तिघेही काही बोललो नाही. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग भाच्याने नोंद झालेली पाहिली आणि म्हणाला, "माझ्या वहीत हा कितवा तरी जर्मन आहे मामा. त्याच्या वहीत मी पहिला आहे."

मला वाटले, आता आबा स्पर्धेवर एक व्याख्यान देणार; संधी चालून आली होती. पण तारमास्तर तो! समोरच्याचा पूर्ण निरोप आल्याखेरीज स्वतःचा पाठवायचा नाही, ही शिस्त त्यांच्या हाडात आहे. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी असतो तर काय केलं असतं ठाऊक आहे का? मी साडेआठला झोपलो असतो. तुझी स्पर्धा होती म्हणून पहाटे चार वाजता हिंदुस्थानातून कुणी तरी हाक मारत होतं. नाही तर त्या बिचाऱ्याला व्हीयू भेटायचा कुठून?"

मी खाली येऊन पडलो, पण झोप आली नाही. दोघांचे भांडण मनात घोळत राहिले. स्पर्धेतल्या माणसाला गुण हवे असतात, पण ते गुण त्याला स्पर्धेबाहेरची माणसेच देतात. सगळेच स्पर्धक असते तर गाठायला माणसे किती उरली असती? आणि साध्या हौशी माणसाला दूरची ओळख हवी असते, पण ती ओळख त्याला मिळते कारण कोणी तरी वेडा रात्रभर जागून हाका मारीत असतो. एकाने दुसऱ्याला घाईचा म्हणायचे, दुसऱ्याने पहिल्याला संथ म्हणायचे, आणि भेट मात्र दोघे मिळूनच व्हायची. मी निरोप पाठवला म्हणजे भेट झाली असे या लोकांत मानीतच नाहीत. पलीकडून 'पोहोचलं' असे आल्याखेरीज वहीत नोंद नाही. स्पर्धेतही दोन्हीकडच्या वह्या ताडून पाहतात आणि त्या जुळल्या नाहीत तर गुण जातात. आपण घरात दिवसाकाठी एकमेकांना किती निरोप देतो! 'मी सांगितलं होतं' असे प्रत्येकजण म्हणतो. ते पोहोचले का, हे विचारण्याचा नियम आपल्याकडे कुठे आहे?

रविवारी संध्याकाळी पाचला मुलगा मखराचे खांब धरायला खाली आला. स्पर्धेचा अर्धा तास शिल्लक होता. ताईने त्याच्या डोळ्यांकडे पाहिले, खांब माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "जा, तेवढं संपवून ये. महालक्ष्म्या काही सेकंदाच्या हिशेबानं येत नाहीत." साडेपाचला तो परत आला. कुंकवाच्या पावलांवरून महालक्ष्म्या घरात आल्या, तेव्हा मखरावर आबांच्या जुन्या बल्बांची माळ होती. ताईने रात्री नव्या माळा लावल्या नाहीत. म्हणाली, "मुखवट्यांवर हाच उजेड बरा दिसतो." दाजींचे मला कौतुक वाटले, दर्शनाला आलेल्या एका शेजाऱ्याने 'अशी माळ आहे का दुकानात?' असे विचारले, तेव्हा त्यांनी मान हलवून सांगितले, "आता मिळत नाही. पण चांगल्या डबीची दाखवतो, थोडी महाग आहे." धंदा तो धंदाच.

स्पर्धेत भाच्याचा नंबर कितवा, असे तुम्ही विचाराल. मी मुद्दाम विचारलेले नाही. वह्या तपासून निकाल लावायला वेळ लागतो, आणि मला जो निकाल हवा होता तो पहाटे चारलाच लागला होता.

आता दिवाळी. शहागंजातल्या दुकानात नव्या माळांची खोकी आली आहेत आणि गच्चीवरच्या खोलीत एक बेत शिजतो आहे. आजोबा-नातवाने हिशेब केला आहे की 'शुभ दिवाळी' हे शब्द रोमन लिपीत, मधली मोकळी जागा धरून, बारा अक्षरांत बसतात. मुभा तेराची. म्हणजे एक अक्षर हातचे शिल्लक! लक्ष्मीपूजन आटोपले, गिऱ्हाईक पांगले, की घरातल्या आणि दुकानातल्या माळा अर्धा तास बंद करायच्या, पणत्या तेवढ्या राहू द्यायच्या, आणि जो कोणी ओ देईल त्याला शेवटी नुसते ७३ न पाठवता ही बारा अक्षरे पाठवायची. पहिली पाळी आबांची, दुसरी नातवाची. अर्धा तास दुकानाच्या पाटीचा दिवा मालवायला दाजी राजी झाले आहेत, यावरून घरातले वारे कोणत्या दिशेचे आहेत ते ओळखावे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गच्चीवर, गॅलरीत, खिडकीत माळा लुकलुकत असतीलच. लुकलुकू द्या, दिवाळी वर्षातून एकदाच येते. पण निजायला जाताना तेवढे बटण आठवणीने बंद करा. तुमच्या गल्लीत, कोणा एखाद्या गच्चीवर, कोणी आबा चष्मा लावून तळाच्या ओळीकडे पाहत बसलेले असतील, आणि कुठून तरी कोणी फार क्षीण आवाजात त्यांना ओ देत असेल.

शुभ दिवाळी. पोहोचली असेल तर कळवा. ७३.